रंगाचा दुसरा हात

बॉनेटच्या डाव्या कडेपाशी भीमाचा तळहात थांबला.

त्यानं मेणाची डबी खाली ठेवली, हात पुसला आणि तीच जागा पुन्हा चाचपली. कंपनीच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड असते. पुण्यात सोळा वर्षं परदेशी गाड्यांना हातानं मेण चढवून ती त्याच्या बोटांना पाठ झाली होती. इथली खडबड वेगळी लागत होती. त्यानं दिवा तिरपा धरला. डावा कोपरा बाकीच्या गाडीपेक्षा किंचित फिका. बॉनेट उचललं, तर आतल्या कडेला रंगवताना लावलेल्या चिकटपट्टीची रेघ उमटलेली.

कुणीतरी हा कोपरा ठोकून सरळ केला होता आणि वर रंगाचा दुसरा हात दिला होता. पिवळ्या रंगाचा.

अडीच महिन्यांपासून पिवळं काही दिसलं की भीमाची नजर तिकडं जायची. शिवरात्रीच्या आदल्या सकाळी त्याची थोरली बहीण नागुबाई रेणापूर रोडच्या कडेनं पाण्याची कळशी घेऊन येत होती. मागून गाडीनं उडवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. चेपलेल्या कळशीवर पिवळा ओरखडा होता. पोलीस म्हणाले, "पिवळा तर जेसीबी बी असतो." तपास तिथंच थांबला.

ती जगली ती शंकरप्पा डॉक्टरांमुळं. ते त्याच रस्त्यानं चालले होते. त्यांनी तिला धुळीतून उचललं, स्वतःच्या दवाखान्यात नेलं, स्वतःच ऑपरेशन केलं. एक रुपया घेतला नाही. अजूनही दर आठवड्याला घरी येऊन जखम बघत, जमिनीवर बसून चहा घेत. नागुबाई भीमाला चिडवायची, "औंदा राखी आधी डॉक्टरला, मग तुला."

ही गाडी शेषेरावांची होती. उदगीरकडची मोठी शेती, वर पाण्याचे टँकर. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, आणि जाहीर होईल त्या दिवशी याच गाडीतून मिरवायचं असं ते सकाळी सांगून गेले होते. धुवायला म्हणून अख्खा टँकर पाठवला होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि ह्यांना गाडीला आंघोळ. भीमानं तो टँकर गल्लीतल्या बायांच्या घागरींत रिकामा करायला लावला. गाडी दोन तांबे पाणी आणि मऊ फडक्यांवर स्वच्छ केली.

सकाळी ते गाडी सोडायला आले तेव्हाच त्यानं विचारलं होतं, "मालक, गाडीला कुठं रंगकाम झालंय का? त्या मानानं मेण लावावं लागतंय."

"न्हाई. शोरूममधून निघाली तशीच हाय."

"घेऊन किती दिवस झाले?"

शेषेरावांनी नजर फिरवली. "तुला काय करायचंय? तू मेण लाव."

त्या फिरवलेल्या नजरेचा अर्थ आता लागला. समोर लोखंडी पाना होता. एका घावात काच गेली असती. त्यानं दोन्ही मुठी काखेत दाबल्या, घरापुढच्या आपल्या शेडमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि शहाण्या माणसाला विचारावं म्हणून डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, आक्काला उडवलेली गाडी घावली. माझ्याच शेडात उभी हाय."

पलीकडून हळू आवाज आला. "कशावरून म्हणता?"

"पुढचा डावा कोपरा रंगवलाय. पिवळी, दोन दारांची. उदगीरच्या शेषेरावाची."

"नागुबाईंना सांगितलं?"

"न्हाई अजून."

"सांगू नका. मी येतोय."

पण शेषेरावच आधी पोचले. गाडीवर हात फिरवून म्हणाले, "हे एवढंच? अर्धी तर तशीच ठेवलीस."

"शिवरात्रीच्या टायमाला रेणापूर रोडला कशाला आला होतास?"

भीमाच्या तोंडचा एकेरी शब्द ऐकून शेषेराव आधी हसलेच. "कुणाशी बोलतोयस, कळतंय का?"

"माझ्या बहिणीचा पाय तोडणाऱ्याशी." भीमानं त्यांची गचांडी धरून त्यांना गाडीवर दाबलं. "ती रस्त्यावर पडली होती आन् तू पळालास. रंग दिलास, झालं? मिरवणूक काढतोस होय ह्याच्यात?"

"सोड. मी कुणाला उडवलं न्हाई."

"मग रंग कुणी दिला?"

आरडाओरडा ऐकून मागच्या खोलीतून नागुबाई कुबडीवर आली आणि दारात थबकली. शेषेरावांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या दुमडलेल्या लुगड्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज उतरला.

"जुनी हाय गाडी. दीड महिना झाला घेऊन. गावात नवी म्हणून सांगितली. लोक हसतील म्हणून सकाळी तुला बी बोललो न्हाई. रंगाचं मला खरंच ठाऊक न्हाई."

"खोटं. कुणाकडून घेतली? नाव सांग."

"भीमा, सोड त्यांना," नागुबाई म्हणाली. "डॉक्टर आलेत बघ."

शंकरप्पा डॉक्टर शेडच्या तोंडाशी उभे होते. ते आत येईनात. नागुबाईनं पदर सावरला आणि कुबडी टेकत त्यांना खुर्ची द्यायला पुढं झाली.

भीमाची पकड सैल पडली. शेषेरावांनी मान सोडवून घेतली. डॉक्टरांना पाहून त्यांच्या जिवात जीव आला.

"बरं झालं आलात, डॉक्टर. आता तुम्हीच सांगा ह्याला. पाडव्याला तुमच्याकडून घेतली, तवा ही गाडी कुठं ठोकलेली होती का?"