मालधक्क्यामागची रात्र

पहिली काठी कमलाकांतच्या पोटरीवर बसली. तो धडपडत उठेपर्यंत दुसरी शेजारच्या घोंगडीवर कडाडली आणि अंधारात बायकापोरांचा एकच कल्लोळ उठला.

अकोल्याच्या मालधक्क्यामागची ती मोकळी जागा खुशालराव जिनवाल्यांची. तिथल्या सतरा झोपड्या त्यांच्या माणसांनी आठ दिवसांपूर्वी मोडून टाकल्या होत्या. तरी माणसं तिथंच होती. जाणार कुठं? साठ सालचा जानेवारी, थंडी हाडं फोडत होती; एक तान्हं मूल गारठून मेलं. कमलाकांत पाठक जठारपेठेतला तरुण वकील. त्यानं अर्ज केले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, कुणी दाद दिली नाही. मग त्यानं गावालाच हाक दिली. एक रात्र आपणही या लोकांसोबत उघड्यावर झोपू, म्हणजे साऱ्यांचे डोळे उघडतील. त्याच्यासकट चौदा जण जमले. मास्तर, कारकून, एक डॉक्टर. नियम एकच होता: एक घोंगडी आणि खाली जमीन. कुंदानं, त्याच्या बायकोनं, बळंच घातलेली माकडटोपी तेवढी त्याच्या डोक्यावर राहिली.

झोपायच्या वेळी नत्थुजी हमालानं आपली पडक्या भिंतीजवळची जागा त्याला दिली. "इकडं आडोशाले झोपा, वकीलसाहेब. तिकडं वारं लय झोंबते." स्वतः तो वाऱ्याच्या बाजूला आडवा झाला. पलीकडे त्याची बायको मैनाबाई. आज आपण यांच्यातलेच एक झालो, या विचारानं कमलाकांतला त्या थंडीतही ऊब आली होती.

आणि आता या काठ्या. खुशालरावांची दहाबारा माणसं होती. घोंगडी दिसली की हाणत होते. खाली डोकं आहे की पाठ, बाई आहे की म्हातारा, कुणी पाहत नव्हतं. हाड मोडल्याचा आवाज त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. समोरच्यानं त्याच्यावर पुन्हा काठी उगारली. कमलाकांतनं टोपी ओरबाडून काढली.

"मारू नका! मी वकील आहे! कमलाकांत पाठक वकील!"

काठी वरच थांबली. त्या माणसानं कंदील त्याच्या तोंडापाशी आणला आणि तो वरमला. "माफ करा, साहेब. अंधारात ओळखूच नाही आले तुमी."

ते ऐकून मैदानभर आवाज उठू लागले. मी मास्तर आहे! मी डॉक्टर आहे! मी कचेरीत आहे! जिथून आवाज येई तिथली काठी थांबे आणि बाजूला वळे.

कमलाकांतसमोरची काठीही वळली. अर्धं पाऊल, नत्थुजीकडे. नत्थुजी काहीच ओरडला नाही. ओरडून सांगावं असं त्याच्यापाशी काही नव्हतंच. त्यानं डोक्यावर हात धरले. आधी हात मोडले, मग डोकं फुटलं. कमलाकांत हातभर अंतरावर भिंतीला पाठ लावून उभा होता. 

उजाडता उजाडता सरकारी दवाखान्यात नत्थुजीनं प्राण सोडला. गावातल्या चौदा जणांत जखम एकालाच होती. कमलाकांतच्या पोटरीवर एक निळा वळ.

मैनाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिच्या लुगड्यावर रक्त वाळलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं. कमलाकांत लंगडत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"मैनाबाई, मी सगळं पाहिलंय. त्या माणसाचं तोंडही पाहिलंय. कोर्टात उभा राहून साक्ष देईन. त्याला सोडणार नाही मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळं त्याला जास्तच भीती वाटली.

"तुमी काहून वरडले, वकीलसाहेब?" ती हळूच म्हणाली. "उगेमुगे पडून राह्यले असते, तं मार दोघाइत वाटल्या गेला असता. अर्ध्या मारानं माहा मानूस नसता मेला."