हुबेहूब

नवऱ्याला नवा नाद लागला होता. पाण्याखालच्या मोठ्या माशाने झेप घेऊन वर यावं म्हणून तो तऱ्हेतऱ्हेचे लाकडी बेडूक गळाला बांधून तलावात टाकून बघत होता. एक नुसताच तरंगायचा, दुसरा डुबुक करून गप्प व्हायचा. त्याला हवा होता बुडत्या जिवासारखा धडपडणारा.

जरा छपछप झाली की काठावर स्वेटर विणत बसलेल्या बायकोच्या काळजाचा ठोका चुकायचा. तीन वर्षांची चिऊ तिथेच खडे वेचत होती.

"अगं, माझा बेडूक आहे तो!" तो दर वेळी हसायचा. "किती भित्री गं तू! बघ, चिऊ तुझ्या मागेच आहे."

चार-पाचदा असं दचकून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. आता काही झालं तरी मान वर करायची नाही, असं तिने ठरवलं.

तेवढ्यात जोराची छपछप झाली. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "हा मात्र अगदी हुबेहूब जमलाय हं!"



"कुठला?" मागून, गाडीच्या डिकीत डोकं घातलेल्या नवऱ्याने विचारलं. "बेडूक तर माझ्या हातात आहे."