न पडलेली बॅटन

"एवढीशी दांडी हातातून सुटतेच कशी गं?" विमानतळाच्या दाराशी येईपर्यंत क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांचं तेच पालुपद चालू होतं. रिलेच्या अंतिम शर्यतीत बॅटन माझ्याच हातून पडली होती, म्हणून मी मान खाली घालून ऐकत होते.

अख्ख्या पथकाला मिळून एकच पदक आलं होतं, पैलवान ऋतुजाचं कांस्य. बाहेर ढोल-ताशे आणि कॅमेरे तयारच होते. "दे जरा, एक फोटो काढू," म्हणत अध्यक्षांनी ते तिच्या गळ्यातून काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. फोटो निघतोय तोवर सरचिटणीसांनी मान पुढे केली. त्यांच्याकडून ते पथकप्रमुखांच्या गळ्यात गेलं आणि तिथून अध्यक्षांच्या साडूंच्या, जे मालिशवाल्याच्या जागी पथकात आले होते. कुणी अडखळलं नाही. साडूंनी तर मागे वळूनही न बघता हात मागे केला आणि पदक अलगद घेतलं. ते तसेच गाडीत बसले, गाडी निघाली. ऋतुजा रिकाम्या गळ्याशी हात नेऊन बघतच राहिली.

"सर, माझी चूक आत्ता कळली," मी म्हटलं.

अध्यक्ष खूश झाले. "शाब्बास! काय कळलं?"

"आम्ही पुढचीला द्यायला धावतो, सर. तुम्ही सगळे नुसते घ्यायला. म्हणून तुमच्या हातून काही सुटत नाही."