एकही ढेकूण न आणता

गुनवोरने बॅग हॉटेलच्या न्हाणीघरातल्या टबमध्ये ठेवली आणि मगच कोट काढला. टब गुळगुळीत असतो, त्यावर ढेकणाला चढता येत नाही. हे तिला तीन वर्षांपूर्वी ठाऊक असतं, तर आज ही वेळ आली नसती.

मग टॉर्च घेऊन ती पलंगाशी गुडघे टेकून बसली. चादर उपसली, गादीच्या शिवणी बोट-बोट तपासल्या, डोक्याकडची फळी ओढून मागची भिंत बघितली. वय एकाहत्तर, गुडघे केव्हाच कामातून गेलेले. पण उद्या दुपारी गोथेनबर्गला पोचायचं होतं, सिग्नेकडे. सिग्ने तिची नात, चार वर्षांची. गुनवोरने तिला शेवटचं कडेवर घेतलं, तेव्हा ती नुकती उभी राहायला शिकली होती.

त्या वेळी ती लेकीकडे, तोवेकडे, आठवडाभर राहून घरी परतली आणि पाठोपाठ फोन आला. घरात ढेकूण झालेत. तू येताना हॉटेलात उतरली होतीस ना, आई? बस, एवढंच. तोवे ओरडली नाही, भांडली नाही. फक्त त्यानंतर दर नाताळला आणि दर उन्हाळ्यात म्हणायची, "इतक्यात नको गं. लहान मूल आहे घरात."

गुनवोरने आपल्या घरीही औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं होतं. त्याने दोनदा घर उलथंपालथं केलं आणि हात झटकले. "बाई, इथे एकही नाही." तिचा काही विश्वास बसेना. नवऱ्याने स्वतःच्या हाताने कापड चढवलेला सोफा तिने कचऱ्यात दिला. गादी दिली, त्याची पुस्तकंही दिली. सोफा गेला त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि आता, तीन वर्षं नाकदुऱ्या काढल्यावर, तोवे हो म्हणाली होती. अट एकच. घरात एक जरी ढेकूण आला, तर पुन्हा यायचं नाव काढायचं नाही.

गादीत काही सापडलं नाही. तरी गुनवोर खुर्चीतच झोपली. सकाळी उठून बघते तो मनगटावर लाल पुळी.

लपवावं का? बाही खाली ओढली की झालं, कोणाला कळणार होतं? पण मग सिग्नेला चावले तर? तिने फोन लावला.

"तोवे, मनगटावर काहीतरी आलंय. डाससुद्धा असेल गं."

"मग नकोच येऊस, आई," तोवे घाईघाईने म्हणाली. "उगाच कशाला?"

"अगं, मी आधी सगळं तुमच्या तळघरातल्या ड्रायरमध्ये तापवून काढते. अंगावरचे कपडेसुद्धा. त्याशिवाय वर पाऊल टाकणार नाही. हात जोडते तुला."



"धुण्याच्या खोलीची एक ते चारची वेळ आपल्या नावावर लावून ठेवते," तोवे शेवटी म्हणाली. "सिग्नेला मात्र मी काही सांगितलेलं नाही. आधी बघू काय होतंय ते."

दुपारी दोन वाजता गुनवोर इमारतीच्या तळघरात, सगळ्यांच्या सामाईक धुण्याच्या खोलीत बसली होती. अंगावर फक्त रेनकोट. नवा कोरा, आत्ताच पिशवी फोडून काढलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बॅग तिने बाहेरच कचऱ्यात टाकली होती. बाकी सगळं, परकरापासून स्कार्फपर्यंत, ड्रायरमध्ये साठ अंशांवर गरगरत होतं. सिग्ने वर तिसऱ्या मजल्यावर होती. ती आपल्याला ओळखणार नाही, हे गुनवोरला माहीत होतं. नुसतं घाबरली नाही तरी पुरे. या विचाराने तिला रडूच आलं. एवढी मोठी बाई रेनकोटात बसून रडतेय, कोणी बघितलं तर काय म्हणेल?

आणि बघितलंच. दारात तिच्याच वयाची एक बाई उभी होती.

"माफ करा हं. तुमची वेळ चालू आहे, ठाऊक आहे मला." दुसऱ्याच्या वेळेत या खोलीत शिरणं म्हणजे त्या इमारतीत चोरीच. "माझा एक मोजा राहिलाय इथे. मी सिव, तिसऱ्या मजल्यावरची." तिने रेनकोटाकडे पाहिलं, मग छताकडे. "का हो, गळतंय का इथे?"

गुनवोरला रडता रडता हसू फुटलं. "मी तोवेची आई. ढेकणांची धास्ती घेतलीय हो. मागच्या वेळी मीच आणले होते ना."

"कुठे आणले होते?"

"इथेच, तोवेकडे. तीन वर्षं झाली. आठवडाभर राहिले होते. तिचं सगळं स्वयंपाकघर लावून दिलं, पडदे बदलले, बाळाला काय भरवायचं, कधी निजवायचं, सगळं शिकवलं. आणि जाताना ही भेट ठेवून गेले."

सिव मोजा घेऊन तिच्या शेजारी बाकावर टेकली.

"तीन वर्षांपूर्वीचे? अहो, ते तर माझ्याकडचे. आमची दोघींची भिंत एक. औषधवाल्याने पाइपाशेजारची फट काढून दाखवली, माझ्या घरातून रांगच लागली होती त्यांची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात केक करून तोवेची माफी मागायला गेले. पण लेक गुणाची हो तुमची. एका शब्दाने बोलली नाही मला. उलट हसली, मिठी मारली आणि म्हणाली, ‘वाईट वाटून घेऊ नका, सिव. पाहुण्यांना जे तोंडावर सांगणं आम्हाला जमत नव्हतं, ते तुमच्या ढेकणांनी सांगून टाकलं.’"