बंधू

चाळीतलाच लवू आत घुसला आणि त्याने दाराला कडी घातली. रघुवीर आणि त्याची बायको कालिंदी दुपारची प्रार्थना करत गुडघ्यांवर होते. आमेन म्हणायचं राहून गेलं.

"माका भायर काढू नको रे. पाया पडतंय तुझ्या," लवू म्हणाला. लालबागच्या नाक्यावर उभ्या पोलिसांवर चाळीच्या गॅलरीतून दगड आले होते. आता ते पोलीस जिना चढत होते.

एवढ्या मोठ्या चाळीत लवूला हेच दार सापडावं. तीन महिन्यांपूर्वी सगळ्या चाळीने हात वर करून संयुक्त महाराष्ट्राची शपथ घेतली, तेव्हा एकटा रघुवीर हात खाली ठेवून उभा राहिला. मुंबई महाराष्ट्रातच राहावी, असं त्यालाही वाटत होतं. पण ख्रिस्ती माणसाने शपथ वाहू नये, होय म्हटलं की होय, असं तो मानायचा. हे लवूला कोण समजावणार? त्याने कोळशाने याच दारावर 'गद्दार' लिहिलं. तेव्हापासून नळावर कालिंदीशी कुणी बोलत नव्हतं. रघुवीरने उलट शब्द काढला नाही. सोसायचं आणि देवावर सोडायचं, हा त्याचा नेम होता. मनातून मात्र त्याने लवूला अजिबात माफ केलं नव्हतं.

दार वाजलं. रघुवीरने उघडलं.

हवालदाराने भिंतीवरचा लाकडी क्रूस पाहिला, मग लवूकडे पाहिलं. "किरिस्ताव काय? तुम्ही लोक खोटं बोलत नाही म्हणे. मग सांग, हा कोण?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर लवू गेला. खोटं सांगितलं तर बाप्तिस्मा घेतल्यापासून अकरा वर्षं राखलेली जीभ विटाळली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खरं सांगून टाकावं असं त्याला फार वाटत होतं. सत्यही राखलं असतं आणि सूडही उगवला असता. रघुवीरला स्वतःचीच भीती वाटली. देवा, तूच शब्द दे, असं तो मनात म्हणाला.

"बंधू आहे," त्याच्या तोंडून निघालं.

चर्चमध्ये सगळेच एकमेकांना बंधू म्हणत, ज्यांचं पटत नाही तेसुद्धा. शब्द चर्चचा होता, हवालदाराने तो घरचा समजला. सुटलो बुवा, असं रघुवीरला वाटलं आणि लगेच शरम वाटली. लवूला बंधू मानावं, असं त्याच्या मनात तिळभरही नव्हतं.

"बरं," हवालदार म्हणाला. "दगड याच माळ्यावरून आलेत. दर खोलीतला एक गडी न्यायचा हुकूम आहे. भाऊ-भाऊ ठरवा कोण येतो ते. मी शेजारची खोली बघून येतो."

लवूने भिंतीला पाठ लावली. दगड त्यानेच मारले होते. खाली गाडीत एक फितूर बसला होता, तो त्याला बघताक्षणी दाखवणार होता. मागच्या आठवड्यात नेलेल्यांपैकी अजून एकही घरी आला नव्हता. रघुवीर गेला तर गिरणीतली नोकरी राहील याची खात्री नव्हती आणि या अबोल चाळीत कालिंदी एकटी पडणार होती.

रघुवीरने खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. "देवा, ही तुझ्या हवाली," एवढंच तो पुटपुटला.

कालिंदी त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली. रडू आवरत हळूच म्हणाली, "अहो, आज पहिल्यांदाच तुम्ही खोटं बोललात."

रघुवीरने वहाणा पायात सरकवल्या.

"बोललो तेव्हा खोटं होतं," तो म्हणाला. "आता नाही."