हिरवी साय

चिलैबला मुलगा झाला त्या उन्हाळ्यात दलदलीचं पाणी आटत आटत त्यांच्या बोरूच्या झोपडीपुढच्या डबक्यावर आलं. मुलाचं नाव ठेवलं जिबाला, म्हणजे केरकचरा. आधीची दोन गेली होती. याच्याकडे तरी मरणाने ढुंकून बघू नये म्हणून.

बायकोला, शनूनाला, दूध नव्हतं. शेजारी केव्हाच उठून गेले होते. कळपात दुभती म्हैस वर्दा एकटीच. पोर तिच्यावर जगत होतं.

एका सकाळी डबक्यावर हिरवी साय धरली. चिलैबची आई वबरीया हरखली. आता बोरू फुटेल, मासे येतील, म्हणाली. तिच्या काळी हिरवं दिसलं की बरकत आली म्हणत.

संध्याकाळी साय खाली बसली, पाणी निवळ झालं.

"कुठं गेली, कळलं का?" चिलैब आईला म्हणाला. "जेवायला. घरात सिलिंडर आल्यापासून तू गोवऱ्या थापत नाहीस, सगळं शेण पाण्यात लोटतेस. तळाशी पंगत बसलीय तिची. सकाळी येईल परत वर, उन्हाला."

"येऊ दे की. तुझ्यापेक्षा बरं जेवते."

असली साय प्यायलेलं जनावर वाचत नाही, म्हणून त्याला म्हशी फुरात नदीवर न्यायच्या होत्या. म्हातारी म्हणाली, एवढ्या चालीने वर्दा आटेल, मग पोराला काय माझी हाडं पाजणार? शनूना मांडीवरच्या पोराकडे बघत राहिली. शेवटी ठरलं, साय खाली गेली की संध्याकाळीच म्हशींना पाणी दाखवायचं.

पण म्हैस उन्हात कोरडी किती राहणार! दुपारी दावं तोडून वर्दा पाण्यात शिरली. वाऱ्याने सगळी साय याच काठाला लोटली होती. शनूनाने हाका मारल्या. वर्दा नाकापर्यंत हिरवी होऊन पीत राहिली.

दिवस बुडायच्या आत तिचे पाय गेले. वबरीयाने ओढणीच्या टोकाने तिच्या तोंडाचा फेस पुसला. मग उठली, दारातलं शेण गोळा केलं आणि भिंतीवर गोवऱ्या थापायला लागली.

"आता कशाला, आई?" चिलैब म्हणाला.

ती थापत राहिली.

वर्दा मुहर्रमच्या सहाव्या दिवशी मेली. जिबाला पुढचा सफर महिना लागायच्या आत गेला.