कॉलर माईक

घाटनांदूरच्या स्वप्नालीनं अंबाजोगाईच्या दुकानात कॅमेरा पसंत केला, दोन एलईडी लाईटही घेतले. लग्नाच्या शूटिंगसाठी आता तेवढा कॉलर माईक राहिला होता.

शेजारच्या स्टुलावर तिची आई मालनबाई बसली होती. जयंतीच्या सभेत माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज घशाच्या ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. गावभरच्या कार्यक्रमांचं शूटिंग करणाऱ्या स्वप्नालीकडं त्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं.

दुकानदार बद्रीनाथनं एक माईक मालनबाईच्या पदराला लावला आणि हेडफोन स्वप्नालीच्या हाती दिला.

"तिला बोलता येत न्हाई, भाऊ," हेडफोन कानाला लावत स्वप्नाली संकोचून म्हणाली.

तेवढ्यात तिच्या कानात कुणीतरी खाकरलं. "सपने, हाच घे. लई साफ हाय."

तोच भरदार आवाज. स्वप्नालीनं झटकन वळून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते. डोळे मात्र हसत होते.

"आई, आणखी बोल की," ती कशीबशी म्हणाली.

"बोलायलेच की गं. इतके दिवस बोलायलेच हाय. तुला आत्ता ऐकू आलं."

भर दुपारी तिच्या अंगावर सरसरून काटा आला, तरी हेडफोन तिनं दोन्ही हातांनी कानांशी घट्ट दाबून धरला.

"थांबा ताई," बद्रीनाथ म्हणाला, "माईक अजून चालूच केला न्हाई."

"हळू, भाऊ," स्वप्नाली पुटपुटली. "आई बोलायलीय."